मेंदूच्या पोटातल्या शिरा: रक्त बाहेर पडतं कुठून?

आपल्या मेंदूत दर मिनिटाला साधारण पाऊण लिटर रक्त शिरतं. स्वस्थ बसलेलो असताना हृदय मिनिटाला पाचेक लिटर रक्त फेकतं, आणि त्यातला जवळपास सातवा हिस्सा दीड किलोही न भरणारा हा एक अवयव घेतो. त्याच मिनिटात तेवढंच पाऊण लिटर रक्त बाहेरही पडावं लागतं, याचा विचार मात्र सहसा कुणी करत नाही. कवटी हाडाची, ती फुगत नाही. आतली जागा मेंदू, रक्त आणि मेंदूतलं पाणी यांनी आपसात वाटून घेतलेली असते. आलेलं रक्त वेळेवर निघालं नाही, तर दाब वाढतो आणि तो सोसावा लागतो मेंदूच्या पेशींना.

वैद्यकीय कॉलेजातही धमन्यांचा मान मोठा. मेंदूच्या तळाशी धमन्यांचं जे कडं असतं, सर्कल ऑफ विलिस, त्याची आकृती परीक्षेला हमखास येते आणि मुलं ती झोपेतही काढून दाखवतात. शिरांचा भाग मात्र प्रकरणाच्या शेवटी, उरकून टाकल्यासारखा. मला हा अन्याय वाटतो, विशेषतः खोल शिरांच्या बाबतीत. कारण त्यांच्या दोन गोष्टी नीट कळल्या तर एरवी एकमेकांशी संबंध नसलेले वाटणारे आजार एकाच नकाशावर येऊन बसतात. पहिली गोष्ट म्हणजे या शिरांची मुख्य रचना बहुतेक माणसांत सारखी असते. दुसरी म्हणजे मेंदूच्या दोन्ही बाजूंचं खोलवरचं रक्त शेवटी एकाच नळीतून बाहेर पडतं.

आधी मेंदूतल्या शिरांचे थोडे स्वभाव. पायातल्या शिरांना झडपा असतात, म्हणून रक्त खाली घसरत नाही. मेंदूतल्या शिरांना झडपा नसतात, त्यामुळे दाब बदलला तर रक्त उलट्या दिशेनेही वाहू शकतं. भिंत अगदी पातळ, तिच्यात स्नायू जवळजवळ नाहीच. हातापायांत धमनी आणि शीर बऱ्याचदा जोडीने जातात, मेंदूत त्यांची वाट वेगळी. धमन्या तळातून वर चढतात. शिरांतल्या काही पृष्ठभागाकडे निघतात, तर काही आत, मध्याकडे.

पृष्ठभागाकडे जाणाऱ्या शिरा मेंदूच्या बाहेरच्या करड्या थराचं आणि त्याखालच्या थोड्या पांढऱ्या भागाचं रक्त गोळा करतात आणि डोक्याच्या मधोमध, वरच्या बाजूने पुढून मागे जाणाऱ्या मोठ्या वाहिनीत सोडतात. ही वाहिनी म्हणजे सुपिरियर सॅजिटल सायनस. सायनस म्हटलं की सर्दी आणि वाफारा आठवतो, पण तो सायनस वेगळा, नाकाशेजारच्या हाडातला. मेंदूभोवती ड्युरा नावाचं जाड आवरण असतं, त्याच्या दोन पदरांमध्ये रक्त वाहून नेणारी जी जागा असते तिलाही सायनस म्हणतात. म्हातारपणी डोक्याला साधा मार बसला तरी कधी कधी आत रक्त साचतं, ते बहुतेकदा मेंदूवरून या सायनसकडे जाणाऱ्या शिरा ताणून तुटल्यामुळे. पृष्ठभागावरच्या शिरांचं जाळं माणसागणिक बदलतं. कुणाला एक शीर मोठी, कुणाला दुसरी, आणि एक तुंबली तर शेजारची बरंचसं काम उचलते. त्यांच्याबद्दल इतकं पुरे.

आत, मध्याकडे

मेंदूच्या मध्याशी पाण्याने भरलेल्या पोकळ्या असतात, त्यांना व्हेंट्रिकल म्हणतात. दोन मोठ्या पोकळ्या दोन बाजूंना, तिसरी अरुंद फटीसारखी त्यांच्या मधोमध खाली. या पोकळ्यांच्या आजूबाजूला मेंदूचे अत्यंत महत्त्वाचे भाग आहेत. थॅलॅमस, ज्याच्यातून वास सोडून जवळजवळ प्रत्येक संवेदना वर जाते आणि ज्याच्यावर आपलं जागं राहणंही अवलंबून आहे. बेसल गँगलिया, म्हणजे हालचालींना वळण लावणारे पुंजके. शिवाय पांढऱ्या भागातून जाणाऱ्या नसांच्या तारा. या सगळ्यांचं रक्त खोल शिरांकडे येतं.

सुरुवात होते मेड्युलरी शिरांपासून. पांढऱ्या भागातल्या या केसाएवढ्या शिरा पृष्ठभागाकडे पाठ करून व्हेंट्रिकलच्या भिंतीकडे जवळपास काटकोनात येतात. साध्या एमआरआयवर त्या धड दिसतही नाहीत. शिरांतल्या रक्तात ऑक्सिजन कमी असतो आणि असं रक्त चुंबकीय क्षेत्रात किंचित वेगळं वागतं. याच गुणाचा उपयोग करून 1990 च्या दशकात एमआरआयची एक खास पद्धत निघाली. आज रिपोर्टवर एसडब्ल्यूआय लिहिलेलं असतं, ते हेच. त्या चित्रात व्हेंट्रिकलच्या दोन्ही बाजूंना बारीक काळ्या समांतर रेघा दिसतात. त्या म्हणजे मेड्युलरी शिरा.

मल्टिपल स्क्लेरोसिस या आजाराचे डाग मेंदूत लांबट, व्हेंट्रिकलला काटकोनात उभे का दिसतात, याचं उत्तरही या रेघांत आहे. ते डाग बारीक शिरांभोवती पसरतात, म्हणून शिरांचीच दिशा घेतात. एडिंबराच्या जेम्स डॉसन यांनी 1916 साली सूक्ष्मदर्शकाखाली हे पाहून लिहून ठेवलं. आजही रेडिऑलॉजिस्ट त्या डागांना 'डॉसनची बोटं' म्हणतात.

व्हेंट्रिकलच्या भिंतीशी पोचलेलं रक्त अस्तराखालून जाणाऱ्या जरा मोठ्या शिरांत जमतं. त्यांतल्या दोन लक्षात ठेवण्यासारख्या आहेत. सेप्टल शीर, दोन व्हेंट्रिकलमधल्या पातळ पडद्यावरून मागे येणारी. आणि थॅलॅमोस्ट्राएट शीर, कॉडेट (बेसल गँगलियातला एक पुंजका) आणि थॅलॅमस यांच्यामधल्या खाचेतून मागून पुढे येणारी. या दोघी ज्या जागी भेटतात ती मेंदूतल्या खुणेच्या जागांपैकी एक आहे. मोठ्या व्हेंट्रिकलमधून मधल्या तिसऱ्या व्हेंट्रिकलमध्ये उतरणारं एक छिद्र असतं, फोरामेन ऑफ मन्रो. त्या छिद्राच्या मागच्या कडेशी या शिरा एकत्र येतात आणि त्यातून इंटर्नल सेरेब्रल व्हेन सुरू होते.

इथे जरा थांबू, कारण न्यूरोसर्जन इथे खरोखर थांबतात. मेंदूत पाणी झालेल्या रुग्णाच्या व्हेंट्रिकलमध्ये दुर्बीण घातली की समोर पाण्याने भरलेली पांढुरकी पोकळी दिसते, दिशा कळायला काही नसतं. मग नजर तीन गोष्टी शोधते. तांबूस, झालरीसारखा हलणारा कोरॉइड प्लेक्सस, म्हणजे मेंदूतलं पाणी तयार करणारा भाग. बाहेरच्या बाजूने येणारी जाडसर निळसर थॅलॅमोस्ट्राएट शीर. आणि आतल्या बाजूने येणारी त्यामानाने बारीक सेप्टल शीर. तिन्ही एकमेकींकडे झुकत जिथे मिळतात तिथेच फोरामेन असतं. जाड शीर कोणत्या बाजूला आहे त्यावरून आपण डाव्या पोकळीत आहोत की उजव्या हेही कळतं. पोकळ्या फुगून आतलं सगळं सरकलेलं असताना या खुणेवर सर्जनची मोठी भिस्त असते. कोलॉइड सिस्ट नावाची गाठ नेमकी याच छिद्राच्या तोंडाशी होते. ती काढताना शेजारच्या शिरेला धक्का लागू नये म्हणून जी काळजी घेतात तीही याचसाठी.

थॅलॅमोस्ट्राएट शिरेचं रक्त मागून पुढे येतं आणि फोरामेनपाशी एकदम उलटं वळून इंटर्नल सेरेब्रल व्हेनमधून पुन्हा मागे जातं. हे वळण ध्यानात ठेवा, तान्ह्या बाळांच्या मेंदूत त्याची गाठ पुन्हा पडणार आहे.

दोन बाजूंच्या दोन इंटर्नल सेरेब्रल व्हेन तिसऱ्या व्हेंट्रिकलच्या छतातून, एका नाजूक दुपदरी पडद्याच्या आतून, एकमेकींना जवळजवळ खेटून मागे जातात. दोघींमध्ये काही मिलिमीटरचं अंतर. याच वेळी मेंदूच्या तळातून आणखी दोन शिरा येतात, बेसल व्हेन ऑफ रोझेंथाल. डोळ्यांच्या मागे, मेंदूच्या तळाच्या पुढच्या भागात त्या सुरू होतात, मिडब्रेनला, म्हणजे मेंदूच्या देठाच्या वरच्या भागाला, दोन्ही बाजूंनी वळसा घालतात आणि मागे वर चढतात. मेंदूच्या डाव्या-उजव्या अर्ध्या भागांना जोडणाऱ्या जाड पुलाच्या, कॉर्पस कॅलोसमच्या मागच्या टोकाखाली, पिनिअल ग्रंथीच्या अगदी वर या शिरा एकत्र होतात. त्यांची मिळून जी एकच शीर होते ती व्हेन ऑफ गॅलेन.

गॅलेन दुसऱ्या शतकातला. पर्गामनचा वैद्य, पुढे रोमन सम्राट मार्कस ऑरेलियसचा राजवैद्य. माणसाचं शवविच्छेदन त्याला करता येत नव्हतं, म्हणून माकडं, डुकरं, बैल यांच्यावर त्याने अभ्यास केला आणि त्यापायी काही चुकाही केल्या ज्या पुढे तेराशे वर्षं खपून गेल्या. ही शीर मात्र त्याने बरोबर टिपली.

नाव मोठं असलं तरी शीर जेमतेम एक-दोन सेंटिमीटर लांब. ती कॉर्पस कॅलोसमच्या टोकाला वळसा घालून स्ट्रेट सायनसमध्ये उघडते. स्ट्रेट सायनस मागे, कवटीच्या आतल्या बाजूला, चार वाहिन्या भेटतात त्या चौकात जातो. त्या चौकाला अलेक्झांड्रियाच्या हिरोफिलसचं नाव आहे, गॅलेनच्याही चार-पाचशे वर्षं आधीच्या माणसाचं. तिथून रक्त डाव्या-उजव्या ट्रान्सव्हर्स सायनसमधून कानामागे आणि मग मानेतल्या जुगुलर शिरेत उतरतं. बहुतेकांत वरून आलेलं रक्त जास्त करून उजवीकडे जातं आणि स्ट्रेट सायनसमधलं, म्हणजे खोल भागातलं, डावीकडे. पण चौकातली ही वाटणी माणसागणिक बरीच बदलते.

डिसेक्शन हॉलमध्ये व्हेन ऑफ गॅलेन अखंड बघायला मिळणं दुर्मीळ. मेंदू कवटीतून बाहेर काढायचा तर ड्युराचा पडदा मागे राहतो आणि मेंदू पुढे येतो. ही शीर नेमकी या दोघांना जोडणारी, त्यामुळे तिथेच कापावी लागते किंवा तुटते. टेबलावर ठेवलेल्या मेंदूत मागच्या बाजूला काळपट, चिकट टोक तेवढं उरतं. मग कॉर्पस कॅलोसम कापून, त्याखालची फॉर्निक्सची कमान हलक्या हाताने उचलली की तो दुपदरी पडदा दिसतो, आणि त्यात पुढून मागे जाणारे दोन गडद, सुतळीहून बारीक दोरे. चिमट्याने जरा जोर लावला की फाटतात. पाठ केलेल्या आकृतीत ठळक निळ्या रंगाने काढलेल्या शिरा प्रत्यक्षात इतक्या नाजूक असतात हे एकदा तरी बघावं.

एक्स-रेवर शिरा वाचायचे दिवस

1927 साली लिस्बनच्या एगास मोनिझ यांनी जिवंत माणसाच्या मेंदूतल्या रक्तवाहिन्या एक्स-रेवर पहिल्यांदा दाखवल्या. धमनीत एक्स-रेवर उठून दिसणारं औषध सोडायचं, एक्स-रे काढायचे. आधी धमन्या उमटतात, काही सेकंदांनी शिरा. पुढची चाळीस-पंचेचाळीस वर्षं, लंडनमध्ये 1971 साली पहिल्या रुग्णाचा सीटी स्कॅन होईपर्यंत, मेंदू स्वतः कोणत्याही चित्रात थेट दिसत नव्हता. गाठ आहे का, रक्त साचलंय का, हे रक्तवाहिन्या कुठे सरकल्यात यावरून ओळखायचं.

अशा काळात इंटर्नल सेरेब्रल व्हेनचं महत्त्व फार होतं. ती मधल्या रेषेवर असते. समोरून काढलेल्या एक्स-रेवर ती दोन-चार मिलिमीटर एका बाजूला गेलेली दिसली, तर विरुद्ध बाजूला काहीतरी जागा अडवून बसलंय हे उघड. बाजूने काढलेल्या एक्स-रेवर थॅलॅमोस्ट्राएट शीर जिथे उलटी वळते तो कोन म्हणजे फोरामेन ऑफ मन्रोची जागा. न दिसणाऱ्या मेंदूत एक पक्का बिंदू मिळाला की बाकीचं मोजता येतं. अर्थात काही माणसांत ही शीर थोडी मागे जाऊन मिळते, मग कोन भलत्याच जागी दिसतो. जुन्या डॉक्टरांना या अपवादांचीही सवय होती.

वाट अडली तर

आता मुख्य मुद्दा. पृष्ठभागावर एक शीर बंद झाली तर शेजारच्या मदतीला येतात. खोल भागात व्हेन ऑफ गॅलेन किंवा स्ट्रेट सायनसमध्ये रक्ताची गुठळी झाली तर दोन्ही बाजूंचं रक्त एकदमच तुंबतं, कारण पुढची वाट एकच. बेसल शिरांना इतर काही जोड असल्यामुळे तळाच्या भागातलं रक्त कधी कधी दुसरीकडून निघून जातं. थॅलॅमसला ती सोय फारशी नाही. म्हणून खोल शिरांतल्या गुठळीचं चित्र बऱ्याचदा एकच असतं, दोन्ही थॅलॅमस सुजलेले.

दोन्ही थॅलॅमस सुजल्यावर माणूस कसा दिसतो? हात-पाय लुळे पडणं, तोंड वाकडं होणं, ही पक्षाघाताची जी चित्रं आपल्या डोक्यात असतात ती सुरुवातीला नसतात. डोकं दुखतं, उलट्या होतात, मग माणूस सुस्त होतो, बोलताना मध्येच हरवतो, दिवसभर झोपून राहतो, काल काय झालं ते आठवत नाही. घरच्यांना वाटतं थकवा आहे, ताप डोक्यात गेला, मनाचं काहीतरी झालंय. बाळंतीण असेल तर 'झोप होत नाही ना बिचारीची' असं म्हणून दोन-तीन दिवस सहज निघून जातात.

बाळंतिणीचा उल्लेख उगाच केलेला नाही. मेंदूतल्या शिरांच्या गुठळ्यांचा एक मोठा आंतरराष्ट्रीय अभ्यास 2004 साली प्रसिद्ध झाला. त्यात 21 देशांतले 624 रुग्ण होते आणि दर चारांपैकी जवळपास तीन बायका. गरोदरपण आणि त्याहूनही बाळंतपणानंतरचे आठवडे, तसंच इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या, ही त्यामागची मोठी कारणं. बाळंतपणात रक्तस्राव आटोक्यात राहावा म्हणून शरीर रक्ताची गोठण्याची तयारी वाढवतं. त्यात पाणी कमी पडलं, ताप आला, जंतुसंसर्ग झाला, तर गुठळीला वाट मिळते. आपल्याकडे बाळंतिणीला पाणी कमी द्यायचं, बाळाला सर्दी होईल, तिचं पोट सुटेल, म्हणून अजूनही कित्येक घरांत सांगतात. शेक, शेगडी, बंद खोली, आणि वर पाणी मोजून. डिंकाचे लाडू खुशाल खावेत, अळिवाची खीर प्यावी. पाणी तोडणं मात्र सोडून द्यायलाच हवं.

दुसरी एक गोष्ट आपल्या ताटाशी जोडलेली आहे. रक्तात होमोसिस्टीन नावाचं द्रव्य वाढलेलं असणं हे शिरांत गुठळी होण्याच्या जोखमींपैकी एक. बी-12 जीवनसत्त्व कमी पडलं की होमोसिस्टीन वाढतं. पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने पुणे आणि परिसरातल्या 441 मध्यमवयीन पुरुषांची तपासणी केली होती. 2006 साली छापलेल्या त्या अभ्यासात 67 टक्के लोकांत बी-12 कमी आणि 58 टक्क्यांत होमोसिस्टीन वाढलेलं आढळलं. म्हणजे एवढ्या सगळ्यांना गुठळी होणार असं मुळीच नाही. एकटं होमोसिस्टीन क्वचितच पुरतं, त्याच्या जोडीला दुसरं काहीतरी लागतं. पण कुणाला गुठळी झालीच, तर कारणं शोधताना आपल्याकडे ही तपासणी विसरून चालत नाही.

निदान कसं होतं? साध्या सीटीवर ताजी गुठळी आजूबाजूच्या मेंदूपेक्षा पांढरी दिसते. मधल्या रेषेवर स्ट्रेट सायनस आणि इंटर्नल सेरेब्रल व्हेनची पांढरी रेघ उठून दिसली की संशय घ्यायचा. मात्र शरीरातलं पाणी कमी होऊन रक्त दाट झालेल्या माणसात किंवा नवजात बाळात सगळ्याच वाहिन्या जरा पांढऱ्या दिसतात, त्यामुळे घाई नको. मग एमआरआय आणि त्यासोबत शिरांचं चित्रण, एमआर व्हेनोग्राफी. इथे सुरुवातीला सांगितलेला सारखेपणा कामाला येतो. निरोगी माणसातही ट्रान्सव्हर्स सायनसचा एखादा तुकडा व्हेनोग्राफीत दिसत नाही, विशेषतः डावीकडे, आणि त्याला तितकासा अर्थ नसतो. स्ट्रेट सायनस, व्हेन ऑफ गॅलेन आणि इंटर्नल सेरेब्रल व्हेन मात्र जवळजवळ प्रत्येकात दिसायलाच हव्यात. त्या नाहीत म्हटल्यावर रेडिऑलॉजिस्ट फोन उचलतो.

दोन्ही थॅलॅमस सुजण्याची इतरही कारणं आहेत, हेही खरं. काही माणसांत दोन्ही थॅलॅमसच्या आतल्या भागाला एकच छोटी धमनी रक्त पुरवते, ती बंद पडली तरी दोन्हीकडे डाग येतात. ते सहसा लहान, मध्याला चिकटून आणि नेमक्या कडांचे असतात. जपानी मेंदूज्वर थॅलॅमसवरच हल्ला चढवतो आणि विदर्भात तो अधूनमधून डोकं वर काढतो, त्यामुळे नागपूर-भंडाऱ्याकडच्या डॉक्टरांना ताप असलेल्या, गुंगीतल्या रुग्णात दोन्ही शक्यता डोळ्यांसमोर ठेवाव्या लागतात. उपचार दोन्हींचे पूर्ण वेगळे.

गुठळीवरचा उपचार ऐकून नातेवाईक हमखास बिचकतात. तुंबलेल्या शिरांमागे दाब वाढून मेंदूत थोडा रक्तस्राव झालेला असतो, आणि डॉक्टर म्हणतात रक्त पातळ करायचं इंजेक्शन द्यायचंय. रक्तस्राव झालेल्या माणसाला रक्त पातळ करायचं औषध? शंका रास्तच आहे. डॉक्टरांनाही ती पूर्वी होती. 1991 साली जर्मनीतल्या एका चाचणीने चित्र बदललं. रुग्ण फक्त 20. दहा जणांना हेपरिन, दहा जणांना नुसतं खोटं औषध. हेपरिनवाल्यांतले आठ पूर्ण बरे झाले, दोघांत किरकोळ दोष राहिला, मेलं कुणी नाही. दुसऱ्या गटात एकच पूर्ण बरा झाला आणि तिघे गेले. फरक इतका ढळढळीत होता की चाचणी तिथेच थांबवली. कारण शरीररचनेतच आहे. रक्तस्राव होतोय तो पुढची वाट बंद असल्यामुळे. वाट मोकळी होत नाही तोवर दाब उतरणार नाही. म्हणून रक्तस्राव असला तरी हेपरिन देतात. पुढे काही महिने गोळ्या चालतात, बहुधा तीन ते बारा महिने, कारण कोणतं सापडलं त्यावर मुदत ठरते. बाळंतिणीला हेपरिन किंवा वॉर्फरिन चालू असताना अंगावर पाजता येतं, दूध तोडायची गरज नसते. नव्या गोळ्यांबद्दल मात्र डॉक्टरांना विचारूनच ठरवावं.

शिरेच्या गुठळीत आणखी एक दिलासा आहे. धमनी बंद पडली की पलीकडच्या पेशी काही मिनिटांत मरू लागतात. शीर तुंबल्यावर सुरुवातीला होते ती बऱ्याच अंशी सूज. एमआरआयवर दोन्ही थॅलॅमस पांढरेफटक पडलेला माणूस वेळेवर उपचार मिळाले तर दोन महिन्यांनी चालत बाहेर पडू शकतो, आणि पुन्हा काढलेल्या चित्रात जवळजवळ काहीच उरलेलं नसतं. तरीही या 624 जणांच्या अभ्यासात खोल शिरांची गुठळी ही वाईट परिणामाची एक खूण ठरली होतीच. उशीर परवडत नाही.

टाळूतून दिसणारं वळण

दिवस भरायच्या बरेच आधी जन्मलेल्या बाळांच्या मेंदूत कॉडेट आणि थॅलॅमसमधल्या त्याच खाचेजवळ जर्मिनल मेट्रिक्स नावाचा भाग असतो. मेंदूच्या पेशी तिथे जन्मतात आणि बाहेर निघतात. तिथल्या रक्तवाहिन्या अगदी तकलादू, आणि तिथलं रक्त नेमकं त्या उलट्या वळणातून बाहेर पडतं. रक्तदाब जरा हेलकावला, श्वासाचा त्रास झाला, की इथे रक्तस्राव होऊ शकतो. चौतिसाव्या आठवड्याच्या सुमारास हा भाग बराचसा विरून जातो, म्हणून पूर्ण दिवसांच्या बाळात हा धोका फारच कमी.

हे बघायला सीटी-एमआरआय लागत नाही. आजी जिथे तेल भरते त्या टाळूवर सोनोग्राफीचा प्रोब ठेवायचा. हाड अजून जुळलेलं नसल्यामुळे आतलं सगळं दिसतं. एनआयसीयूमध्ये कमी दिवसांच्या बाळांची अशी सोनोग्राफी नेमाने होते. रक्तस्रावाच्या चार पायऱ्या सांगतात. चौथ्या पायरीत व्हेंट्रिकलच्या बाहेर, मेंदूच्या पांढऱ्या भागातही रक्त दिसतं. पूर्वी समजत की आतलं रक्त भिंत फोडून बाहेर आलंय. आता कळतंय की बहुतेकदा तसं नसतं. आतल्या रक्ताने त्या वळणावरची शीर दाबली जाते, मागचं रक्त तुंबतं आणि पांढऱ्या भागाचं नुकसान तुंबल्यामुळे होतं. म्हणूनच ते सहसा एकाच बाजूला जास्त आणि मेड्युलरी शिरांच्या दिशेने फाकलेलं दिसतं.

बाळांचाच आणखी एक आजार, व्हेन ऑफ गॅलेन मालफॉर्मेशन. धमन्या बारीक केशवाहिन्यांतून न जाता थेट मधल्या शिरेत उघडतात आणि ती फुग्यागत फुगते. गंमत अशी की फुगलेली ती शीर गॅलेनची नसतेच. गर्भाच्या पहिल्या तीन महिन्यांत असणारी आणि नंतर नाहीशी व्हायला हवी अशी एक जुनी शीर जाता जात नाही, ती ही. बाळ जन्मतं आणि एक-दोन दिवसांत हृदय थकतं, कारण बरंचसं रक्त मेंदूतल्या या आडवाटेने फुकट फिरत असतं. टाळूवर स्टेथोस्कोप ठेवला तर कधी कधी घरघर ऐकू येते. जांघेतून बारीक नळी मेंदूपर्यंत नेऊन त्या आडवाटा बुजवणं हा उपचार. 2023 च्या मार्चमध्ये बोस्टनला डॉ. डॅरेन ऑर्बाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हेच काम जन्माच्या आधी केलं. चौतिसाव्या आठवड्यात, सोनोग्राफीच्या आधाराने, आईच्या पोटातून आणि बाळाच्या कवटीतून सुई नेऊन त्या शिरेत धातूच्या बारीक गुंडाळ्या भरल्या. मुलगी जन्मली तेव्हा तिला हृदयासाठी औषधं लागली नाहीत.

रिपोर्टमधल्या दोन ओळी

शेवटी, ज्यांच्या हातात आत्ता एमआरआयचा रिपोर्ट आहे त्यांच्यासाठी. डोकेदुखीसाठी काढलेल्या रिपोर्टमध्ये 'डेव्हलपमेंटल व्हीनस अनॉमली' असं लिहिलेलं असतं आणि घरात रडारड सुरू होते. काही मेड्युलरी शिरा छत्रीच्या काड्यांसारख्या एका जाड शिरेकडे गोळा झालेल्या असतात, एवढाच याचा अर्थ. शंभरांत दोन-तीन माणसांत हे सापडतं. ती शीर त्या भागातल्या निरोगी मेंदूचंच रक्त वाहून नेते, म्हणून तिला हातही लावायचा नसतो. शेजारी कॅव्हर्नोमा नावाची छोटी गाठ आहे का तेवढं रेडिऑलॉजिस्ट बघतो. दुसरी ओळ, 'हायपोप्लास्टिक लेफ्ट ट्रान्सव्हर्स सायनस'. डावी वाहिनी जन्मतःच बारीक आहे, उजवी मोठी आहे, इतकंच. मात्र त्याच रिपोर्टमध्ये स्ट्रेट सायनस किंवा इंटर्नल सेरेब्रल व्हेन 'दिसत नाही' असं लिहिलं असेल आणि माणूस दोन दिवस गुंगीत असेल, तर सोमवारच्या ओपीडीची वाट बघू नका. त्याच रात्री हॉस्पिटल गाठा.